दुसरी प्रत कोठे आहे?

वाचकहो, 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता आपल्या आसेगावातही कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बँकेत पासबुक भरावयास गेलेला शेतकरी, सेतू केंद्रावर शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन बसलेला विद्यार्थी, रेशनच्या दुकानात अंगठा लावणारी वृद्ध माता, सर्वांनी ते ऐकलेले आहे. ऐकले की आपण उद्या येऊ असे म्हणून घरी जातो. दुसऱ्या दिवशी तो सर्व्हर चालू होतो आणि गोष्ट तेथेच संपते. परंतु तो चालू झालाच नाही तर? ज्या यंत्रात आपल्या शेताचा सातबारा, खात्यातील रक्कम आणि मुलांचे गुण साठविलेले आहेत, ते यंत्रच आगीत गेले किंवा पुरात बुडाले तर काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून आज मोठमोठ्या संस्था एक दुसरे यंत्र, पहिल्यापासून दूर, पहिल्यासारखेच सज्ज करून ठेवतात. त्याला स्टँडबाय सर्व्हर म्हणतात. पहिला कोसळला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यावयाची. हा शब्द नवा आहे, यंत्रही नवे आहे. पण त्यामागील विचार नवा नाही. त्या विचाराचा इतिहास आपल्यासमोर मांडावा, म्हणून हा लेख.

प्रारंभ आपल्या घरातीलच उदाहरणाने करतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वफातीनंतर थोड्याच काळात, हिजरी ११-१२ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ६३२-३३ मध्ये, यमामाची लढाई झाली. तीत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक हाफिज शहीद झाले. तोपर्यंत कुरआन हाफिजांच्या सीन्यात होता, आणि खजुरीच्या झावळ्या, चामड्याचे तुकडे, पातळ दगड, रुंद हाडे यांवर लिहिलेलाही होता. पण एकत्र ग्रंथरूपाने नव्हता. अशा आणखी दोन-चार लढाया झाल्या तर काय होईल, ही चिंता हजरत उमर (रजि.) यांना वाटली. त्यांनी ती खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे मांडली. प्रेषितांनी जे केले नाही ते आपण कसे करावे, असा खलिफांचा पहिला प्रश्न होता. शेवटी हे काम जैद बिन साबित (रजि.) या तरुण लेखनिकाकडे सोपविण्यात आले. एखादा डोंगर हलविणे याहून सोपे झाले असते, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार हदीसमध्ये नोंदलेले आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुरआनच्या हिफाजतीचे अभिवचन स्वतः अल्लाहने दिले आहे, ही आपली श्रद्धा. तरीही सहाबांनी साधनांचा वापर टाळला नाही. जैद यांनी केवळ पाठांतरावर भागविले नाही व केवळ लिखितावरही भागविले नाही. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात, इ. स. ६५० च्या सुमारास, याच संग्रहावरून अनेक प्रती तयार झाल्या आणि कूफा, बसरा, शाम अशा दूरदूरच्या ठिकाणी पाठविल्या गेल्या. प्रतीबरोबर ती पढविणारा कारीही पाठविला गेला, असे रिवायतींत सांगितले आहे. म्हणजे प्रत झाली, ती दूर ठेवली गेली, आणि ती वाचता येणारा माणूसही तेथे नेमला गेला. आजच्या संगणकतज्ज्ञाला विचारा. तो याहून फार वेगळे काही सांगणार नाही.

आणि हे काम एकदा करून थांबलेले नाही. रमजानमध्ये तरावीहला आपण उभे राहतो तेव्हा पुढे एक हाफिज पढत असतो आणि त्याच्या मागे पहिल्या सफीत दुसरा हाफिज उभा असतो. त्याला आपण सामे म्हणतो. तो गप्प असतो, पण मनातल्या मनात आयतीमागून आयत पुढच्याबरोबर चालत असतो. पुढचा अडखळला की तो लगेच लुकमा देतो. नमाज चालू असता इमामाचा वुजू तुटला, तर त्याने मागच्या योग्य माणसाला पुढे करावे व नमाज जेथे थांबली तेथून पुढे चालावी, असा मसला हनफी फिक्हच्या किताबांत आहे. विद्यार्थी मित्रहो, संगणकाच्या वर्गात 'हॉट स्टँडबाय' हा शब्द आला तर सामे डोळ्यांपुढे आणा; व्याख्या पाठ करण्याची गरज पडणार नाही.

दूरच्या प्रतीने काय साधते याचे दुसरे उदाहरण गणिताच्या इतिहासात आहे. नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी याने हिंदी अंकपद्धतीवर एक पुस्तक लिहिले. शून्यासह दहा अंकांनी गणित कसे करावे हे त्यात होते. या पुस्तकाची मूळ अरबी प्रत आज कोठेही उपलब्ध नाही. बाराव्या शतकात युरोपात त्याचा लॅटिन अनुवाद झाला होता, तो तेवढा राहिला. संगणकशास्त्रात ज्याला 'अल्गोरिदम' म्हणतात तो शब्द याच ख्वारिज्मीच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. १२५८ साली हुलागूच्या फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले तेव्हा तेथील ग्रंथभांडारेही गेली. ज्या ग्रंथांच्या नकला कैरो, दमास्कस, अंदलुस येथे पोहोचल्या होत्या त्यांना त्याची झळ लागली नाही. ग्रंथ किती थोर होता यावर तो वाचणे अवलंबून नव्हते. नकलनवीस कोठे बसला होता यावर होते.

आपल्या महाराष्ट्रातही अशी कथा घरोघर माहीत आहे. देहूच्या तुकारामबुवांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या व त्या तेरा दिवसांनी तरल्या, असे वारकरी परंपरा सांगते. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून ते बुडू शकले नाहीत, असाही तिचा अर्थ लावला जातो. संताजी जगनाडे यांच्या हातच्या वह्या पुढे गाथेच्या अभ्यासकांना मोलाच्या ठरल्या, हे तर प्रसिद्धच आहे.

आता ग्रंथांकडून दप्तराकडे येऊ. आपल्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. जो व्यवहार झाला तो प्रथम रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने लिहावयाचा. नंतर तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा. खतावणी उंदरांनी कुरतडली तरी रोजकीर्द शाबूत असेल तर मुनीम खतावणी पुन्हा उभी करू शके. आजचा सर्व्हर नेमके हेच करतो. प्रत्येक बदल तो प्रथम क्रमवार नोंदवहीत उतरवितो व मग मूळ तक्त्यात भरतो. स्टँडबाय उभा करावयाचा म्हणजे एवढेच, की खतावणीची एक पूर्ण नक्कल दुसऱ्या गावी नेऊन ठेवावयाची आणि त्यानंतर रोजकीर्दीचे प्रत्येक पान, लिहिले जाताच, तिकडे पाठवीत राहावयाचे. तिकडचा मुनीम ती पाने आपल्या खतावणीत चढवीत राहतो. मूळ पेढी जळाली तर त्याची खतावणी शेवटच्या पोहोचलेल्या पानापर्यंत तयार असते.

पाने किती वेळाने पाठवावयाची, यावर पुढचे सारे ठरते. दिवसातून एकदा पाठविली तर एका दिवसाचा व्यवहार बुडू शकतो. प्रत्येक नोंदीसरशी पाठविली आणि तिकडून 'मिळाले' असा निरोप येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवून ठेवले, तर काहीच बुडत नाही. पण पेढी मंदावते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून चेन्नई सरळ रेषेत सुमारे १,००० किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास कमीत कमी सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. आपल्याला तो वेळ कळणारही नाही. शेअर बाजारात मात्र तेवढ्यात हजारो ऑर्डरी येऊन जातात.

मुंबई-चेन्नईचे उदाहरण मी उगाच घेतले नाही. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचा, म्हणजे एनएसईचा, स्टँडबाय चेन्नईला आहे. १९९४ मध्ये या बाजाराचे व्यवहार सुरू झाले ते आरडाओरड करणाऱ्या दलालांच्या गर्दीतून नव्हे, तर आरंभापासूनच संगणकाच्या पडद्यावरून. त्यामुळे येथे यंत्र थांबले की बाजार थांबला. मुख्य केंद्र मुंबईत. नोंद हरवू नये म्हणून जवळच एक केंद्र. आणि भूकंप वा महापूर यांसारखे संकट एकाच वेळी दोहोंवर येऊ नये म्हणून दूर चेन्नईला तिसरे. शेअर बाजारात पैसा घालावा की नाही, कोणत्या व्यवहारात घालावा, हा प्रश्न आपण आलिमांना विचारावा. मला येथे फक्त यंत्राविषयी बोलावयाचे आहे.

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास एनएसईचे व्यवहार बंद पडले. दूरसंचाराच्या जोडण्यांतील बिघाडापासून गोष्ट सुरू झाली आणि व्यवहारांची जोखीम मोजणारी यंत्रणाच हाती राहिली नाही. दुपारचे साडेतीन ही बाजार बंद होण्याची वेळ. ती उलटून गेली तरी काही हालचाल नाही. एनएसई पुन्हा सुरू होईल की नाही हे कोणालाच ठाऊक नसल्याने अनेक दलालांनी गिऱ्हाइकांचे सौदे तिकडे बीएसईवर, मिळेल त्या भावाने, उरकून टाकले. आणि मग एनएसई पावणेचारला सुरू होऊन पाच वाजेपर्यंत चालला. ज्यांचे सौदे आधीच मोडले गेले होते त्यांनी काय म्हटले असेल, याची कल्पना करावी.

या चार तासांत चेन्नईचे केंद्र जागेवर होते. तेथे इमारत होती, यंत्रे होती, माणसे होती. तरी काम तिकडे वळविले गेले नाही. बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने त्याच दिवशी विचारलेल्या प्रश्नांत हाही होता, की व्यवहार पर्यायी केंद्रावर का नेले नाहीत? माझ्या मते या सगळ्या इतिहासातील हा सर्वांत बोलका प्रश्न आहे. दुसरे यंत्र असणे ही एक गोष्ट आणि 'आता पहिले सोडा, दुसऱ्यावर चला' असे म्हणण्याची कोणाची तरी तयारी असणे ही दुसरी गोष्ट. पहिले यंत्र आणखी दहा मिनिटांत सुरू होईल, आणखी पाच मिनिटांत होईल, अशा आशेवर माणूस तास घालवितो. शिवाय एक खरी भीतीही असते. पहिले पुरते मेलेले नसताना दुसरे सुरू केले, तर दोघेही स्वतःस मुख्य समजून नोंदी घेऊ लागतील. एका जमातीला दोन इमाम झाले तर मुक्तदींनी कोणाच्या मागे जावे?

म्हणून सेबीने पुढच्याच महिन्यात, मार्च २०२१ मध्ये, वेळेचे बंधन घातले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली की ३० मिनिटांच्या आत ते 'संकट' आहे असे जाहीर करावे आणि त्यापुढे ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू व्हावे. नोंदींचे नुकसान १५ मिनिटांपेक्षा अधिक असू नये. केव्हा हलावयाचे हे माणसाच्या आशेवर न सोडता घड्याळावर सोडले गेले.

आणि त्यानंतर सराव आला. २ मार्च २०२४ हा शनिवार, बाजाराच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी एनएसईने मुद्दाम बाजार उघडला. सकाळी सव्वानऊ ते दहा नेहमीच्या केंद्रावरून; मग मध्ये दीड तास सोडून साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून. खोटे सौदे नव्हेत, खऱ्या पैशाचे खरे सौदे. त्याच वर्षी १८ मे रोजी, पुन्हा शनिवारीच, तसेच केले गेले. वर्षभर गप्प उभ्या असलेल्या सामेला एक रात्र पुढे उभे करून पढावयास लावावे, तसे.

सगळीकडे असे झालेले नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर गेली. पाच माणसांचे प्राण गेले आणि असंख्य फाइली राख झाल्या. ज्यांची छायाचित्रे संगणकात आधी घेतली होती ते कागद वाचले; उरलेल्या अनेक फाइली जिल्ह्यांतील व इतर कार्यालयांतील पत्रव्यवहाराच्या प्रती गोळा करून पुन्हा बांधाव्या लागल्या. म्हणजे शेवटी कामास आल्या त्या दूरच्या प्रतीच. मात्र त्या कोणी स्टँडबाय म्हणून ठेवलेल्या नव्हत्या, तशाच राहून गेल्या होत्या.

पुढारलेले देशही यातून सुटलेले नाहीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एक मोठे डेटा सेंटर जळाले. काही गिऱ्हाइकांनी बॅकअपचे पैसे वेगळे भरले होते. पण त्यांची दुसरी प्रत त्याच इमारतीत होती! २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी संगणक केंद्रात बॅटरीपासून आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपली कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात ठेवीत तो पूर्ण नष्ट झाला, कारण तो फार मोठा आहे या सबबीवर त्याची दुसरी प्रतच ठेवलेली नव्हती. जेवढा साठा मोठा तेवढी त्याची काळजी कमी, असा हा उलटा हिशेब.

आणखी एक प्रकार आगीहून फसवा आहे. मूळ वहीत मुनिमानेच चुकून एक पान खोडले, तर ती खोडाखोडही इमानाने दुसऱ्या गावी पोहोचते आणि तेथेही ते पान खोडले जाते. स्टँडबाय आगीपासून वाचवितो, चुकीपासून वाचवीत नाही. म्हणून चालत्या नकलेखेरीज कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशा तारीखवार प्रतीही बाजूला बांधून ठेवाव्या लागतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू साठाच पुसला गेला. बॅकअप शोधावयास गेले तेव्हा कळले, की रोज होत आहेत असे समजले जाणारे बॅकअप प्रत्यक्षात होतच नव्हते. सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून बरे. मधल्या सहा तासांचे काम गेलेच. कंपनीने हे सारे लपविले नाही, जगासमोर मांडले. म्हणूनच आज आपण त्यापासून शिकू शकतो.

पालकहो, मुंबई, फ्रान्स, कोरिया यांच्याशी आपला काय संबंध, असे आपण म्हणाल. संबंध आहे. आपल्या मुलास ओबीसीचा जातीचा दाखला काढावयाचा असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो कोठे असतो? आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाहीतर कोतवाल बुकात. त्यातही आपला जिल्हा फिरत राहिलेला. इंग्रजी अमलात बाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला. अकोल्यातून वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. साहजिकच जुन्या कागदाच्या शोधात वाशिम आणि अकोला अशा दोन्हीकडे खेटे घालणारी माणसे आपण पाहतो. शाळेचे जनरल रजिस्टर हे नियमाप्रमाणे कायम जतन करावयाचे दप्तर आहे. परंतु बहुतेक ठिकाणी ते एकच असते, एकाच कपाटात असते, आणि ते कपाट ज्या खोलीत असते तिचे छप्पर पावसाळ्यात कसे असते हे आपणांस ठाऊक आहे. त्या एका पानावर कोणाचा तरी वैद्यकीयचा प्रवेश, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाची नोकरी अडकलेली असते.

सर्व्हर विकत घेणे आपल्या आवाक्यातले नसेल, पण त्याचा नियम पाळावयास पैसा फारसा लागत नाही. आजोबांच्या प्रवेशाच्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल, रजिस्टर धड आहे तोवर, आताच काढून ठेवावी. ती घरी एक आणि दुसऱ्या गावच्या नातलगाकडे एक, अशी असावी. मोबाइलमधील छायाचित्र ही तिसरी समजावी, पहिली नव्हे. शाळांनी आपल्या रजिस्टरांची पानवार छायाचित्रे घेऊन एक संच गावाबाहेर ठेवावा. नंतर वर्षातून एक दिवस दोघांनी बसावे. एकाने मूळ रजिस्टर धरावे, दुसऱ्याने छायाचित्रावरून मोठ्याने वाचावे: नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख. वाचणारा जेथे अडखळेल ते पान पुन्हा काढावे. जुन्या नोंदी पुष्कळदा शिकस्ता उर्दूत आहेत, आणि ती सराईतपणे वाचणारे बुजुर्ग आता गावोगाव थोडे उरले आहेत. सुरुवात त्या पानांपासून करावी आणि वाचावयास त्यांना बोलवावे.